साथ ओसरल्यावर हॉटेल पुन्हा उभं करताना: आधी टाकी, मग किचन, दर सगळ्यात शेवटी

साथीच्या बातम्या मागच्या पानावर गेल्या की मालकाचा पहिला फोन ठरलेला असतो: "ऑनलाइनवर तीस टक्के डिस्काउंट टाका, खोल्या भरतील." मॅनेजरने तो शांतपणे ऐकून घ्यावा आणि गच्चीवर टाकी बघायला जावं. भीतीने घरी बसलेलं गिऱ्हाईक स्वस्त खोलीमुळे बाहेर पडत नाही. एरवी अठ्ठावीसशेची खोली दोन हजारांना दिसली तर पुणेकर आधी विचारतो, "का बुवा?" त्या प्रश्नाला कागदावर दाखवता येईल असं उत्तर तयार होईपर्यंत दराला हात लावू नये.

आधी साथ कोणत्या वाटेने आली ते नीट ओळखा, कारण गिऱ्हाईक त्याच वाटेला घाबरलेलं असतं. २००९ चा स्वाइन फ्लू आणि २०२० चा कोरोना हवेतून पसरले. तेव्हा लोकांना बंद खोली, लिफ्ट आणि बँक्वेट हॉल नको होता. २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवण्यातून झिकाच्या बातम्या सुरू झाल्या. तिथे प्रश्न डासांचा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गीलन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण वाढले, आकडा दोनशेच्या पुढे गेला. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशय पाण्यावर गेला. अशा वेळी लिफ्टची बटणं तासातासाला पुसणारं हॉटेल आपली मेहनत वाया घालवत असतं. लोक विचारत असतात चटणी कोणत्या पाण्यात वाटली ते.

तरीही साथ कोणतीही असो, सुरुवात पाण्यापासूनच करावी लागते. कारण साधं आहे: गिऱ्हाईक कमी झालं की पाणी पाइपात उभं राहतं, आणि उभं पाणी बिघडतं.

टाकीपासून शेवटच्या शॉवरपर्यंत

पुण्यातल्या बऱ्याच मध्यम हॉटेलांत महापालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत पडतं. तिथून पुढे कोणतं पाणी कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून टँकरची वेगळी वही ठेवा: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, भरलं कुठून, आणि पाणी टाकीत सोडण्याआधी घेतलेलं क्लोरिनचं रीडिंग. रीडिंग शून्य आलं तर क्लोरिन आपल्याला घालायचा आहे एवढंच समजायचं. पाणी गढूळ असेल तर मात्र टँकर परत पाठवावा. गाळ क्लोरिन खाऊन टाकतो, जंतू गाळाच्या आडोशाला टिकतात, आणि मात्रा वाढवूनही उपयोग होत नाही.

टाकी धुण्याचा क्रम असा:

१. टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढा, भिंती ब्रशने घासा. जमिनीखालच्या टाकीत माणूस एकटा उतरवू नका. झाकणं आधी बराच वेळ उघडी ठेवा, पंख्याने हवा खेळवा, वर दोरी धरून दुसरा माणूस उभा हवा. यंत्राने टाकी धुणाऱ्यांना बोलावणं जास्त शहाणपणाचं.

२. टाकी भरा आणि लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरिन होईल इतकी मात्रा घाला. १०,००० लिटरसाठी ५०० ग्रॅम क्लोरिन लागतो, म्हणजे २५ टक्के क्लोरिन असलेली ब्लीचिंग पावडर २ किलो किंवा ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १० लिटर. टाकीचं माप माहीत नसेल तर लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मीटरमध्ये मोजून गुणा. गुणाकाराला हजाराने गुणलं की लिटर मिळतात.

३. सगळ्या मजल्यांवरचे नळ क्लोरिनचा वास येईपर्यंत उघडा, मग बंद करून एक तास थांबा. या काळात एकही खोली विकलेली नको आणि किचन बंद हवं.

४. सगळं पाणी सोडून द्या, स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन काढा, नळाला नेहमीचं रीडिंग येईपर्यंत पाणी वापरू नका.

पावडर थेट टाकीत ओतणं ही नेहमीची चूक. चुना तळाशी बसतो आणि पुढे व्हॉल्व्ह, फ्लोट, गीझर सगळीकडे त्याचा थर चढतो. बादलीत पाण्यात कालवून अर्धा तास ठेवा आणि वरची निवळीच तेवढी घाला. उघड्या पोत्यातली, ओल लागलेली पावडर जवळपास निकामी झालेली असते; बेत २५ टक्क्यांचा धरायचा आणि पोत्यात निघायची दहाची. लहान सीलबंद पॅक घ्या, तारीख बघा. ब्लीचिंग आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड एकाच कपाटात ठेवू नका. ही दोन्ही मिसळली की विषारी क्लोरिन वायू निघतो, आणि घाईतला हाउसकीपिंगचा पोरगा ती हमखास मिसळतो.

रोजची मात्रा यापेक्षा फारच कमी. १०,००० लिटरला सुरुवातीला ८० ग्रॅम पावडर घालून अर्ध्या तासाने सगळ्यात लांबच्या नळाला रीडिंग घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात उरलेला मुक्त क्लोरिन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम सांगितला आहे आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर ०.५. साथीनंतरचे काही महिने ०.५ चंच लक्ष्य ठेवा आणि त्याप्रमाणे मात्रा कमीजास्त करा. क्लोरिन मोजायचं डीपीडीच्या गोळ्यांचं किट स्वस्त असतं, पाणी गुलाबी होतं आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. सकाळ-संध्याकाळ तीन जागी रीडिंग घ्या: किचनचा नळ, सगळ्यात वरच्या मजल्यावरची शेवटची खोली, आणि स्टाफ क्वार्टर. क्वार्टर राहून जातं. ज्या आचाऱ्याच्या हातचं शंभर माणसं जेवतात तो रात्री कोणतं पाणी पितो हे कुणी पाहत नाही.

आरओचा भरवसा जरा जपून. आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर क्लोरिन काढून टाकतो, त्यामुळे आरओनंतरच्या स्टीलच्या टाकीतलं पाणी शुद्ध असलं तरी त्याला पुढचं संरक्षण नसतं. ती टाकी आठवड्याला धुवा, झाकण घट्ट ठेवा, आत भांडं बुडवून पाणी काढू देऊ नका, नळ लावा. बर्फाचं मशिन बहुधा याच लाइनवर असतं. साथीनंतर चालू करताना पहिला सगळा बर्फ फेकायचा.

आता गरम पाणी. इथे पुण्यातल्या हॉटेलांची एक खास अडचण आहे, ती म्हणजे सोलर. खोल्या भरलेल्या असतात तेव्हा सोलरच्या टाकीतलं पाणी रोज बदलतं. चाळीसपैकी आठ खोल्या चालू असल्या आणि वर ढगाळ हवा असली की तेच पाणी ३५ ते ४५ अंशांवर दिवसेंदिवस पडून राहतं. लिजिओनेला जिवाणूला नेमकं असंच कोमट पाणी लागतं. त्याचं नावच एका हॉटेलातल्या अधिवेशनावरून पडलं: १९७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं, त्यानंतर न्यूमोनियाने माणसं दगावली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हॉटेल बंद पडलं. हा जिवाणू पाणी पिण्यातून नव्हे तर शॉवरचे आणि कूलिंग टॉवरचे बारीक तुषार श्वासात जाऊन त्रास देतो.

उपाय असा: साठवणीतलं गरम पाणी ६० अंशांवर ठेवा, सोलर कमी पडलं तर बॅकअप हीटर चालवा, आणि लांबच्या नळाला मिनिटभरात ५० अंश मिळतात का ते थर्मामीटरने पाहा. एवढं गरम पाणी भाजतं, म्हणून मिक्सर नीट आहेत का ते आधी तपासा. म्हातारी माणसं आणि लहान मुलं असलेल्या खोल्यांत हे विसरू नका. रिकाम्या खोलीत आठवड्यातून एकदा गरम-गार दोन्ही नळ पाच-पाच मिनिटं सोडा. शॉवर मात्र बादलीत बुडवून सोडायचा, म्हणजे तुषार उडत नाहीत. बोअरच्या जड पाण्याने शॉवरच्या जाळीवर पांढरा थर बसतो आणि त्यातच जंतू घर करतात. जाळ्या काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटलं असेल तर गटाराचा वास आणि झुरळं वर येतात. तांब्याभर पाणी ओतलं की हे थांबतं. बंद खोलीच्या "कुबट वासा"च्या तक्रारीवर रूम फ्रेशनर मारण्याआधी हे करून पाहावं.

हे सगळं झाल्यावर पाण्याचा नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या, आणि पुढे दर सहा महिन्यांनी. बाटली त्यांचीच वापरा, आणि नमुना फक्त आरओचा नव्हे, किचनच्या कच्च्या नळाचाही द्या. फक्त आरओचा रिपोर्ट भिंतीवर लावणारी हॉटेलं स्वतःचीच फसवणूक करतात.

किचन: न शिजणाऱ्या गोष्टी

पाण्याच्या साथीत भीती उकळत्या आमटीची नसते. हिरवी चटणी, खोबऱ्याची चटणी, कोशिंबीर, ताक, कांदा-लिंबाची प्लेट, बर्फ, पाणीपुरीचं पाणी यांची असते. पहिले दोन आठवडे मेनू छोटा करा आणि यातल्या नेमक्या ज्या गोष्टींची खात्री देता येते तेवढ्याच ठेवा. चटणी उकळून गार केलेल्या पाण्यात वाटावी, दर चार तासांनी नवी काढावी. कोथिंबीर, पुदिना, काकडी आधी वाहत्या पाण्याखाली माती जाईपर्यंत धुवा, मग १० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं खाद्य दर्जाचं हायपोक्लोराइट १० ते २० मिलिलिटर घालून पाच मिनिटं बुडवा आणि पुन्हा पिण्याच्या पाण्यात काढा. कपड्यांचं सुवासिक ब्लीच यासाठी चालत नाही.

कच्ची कोंबडी धुऊ नये. नळाखाली धुतली की शिंतोडे शेजारच्या ओट्यावर, सॅलडच्या पाटीवर जातात आणि कॅम्पिलोबॅक्टर तसाच पसरतो. जुने आचारी हे ऐकत नाहीत, त्यांना कारण समजावून सांगावं लागतं. कोंबडीचा पाट आणि सुरी वेगळ्या रंगाची ठेवा आणि तंदूरमधून काढताना जाड भागात प्रोब थर्मामीटर घालून ७५ अंश पाहा. बाहेरून करपलेली तंगडी हाडाजवळ बऱ्याचदा साठ-पासष्टवरच असते. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो ना, हे आठवड्याला तपासा.

गिऱ्हाईक कमी असताना सगळ्यात धोकादायक गोष्ट म्हणजे ग्रेव्ही. सवयीने आचारी चाळीस लिटरचीच बेस ग्रेव्ही काढतो, खप मात्र दहा लिटरचा. उरलेलं पातेलं गरमच फ्रीजमध्ये जातं, मधला भाग पहाटेपर्यंत कोमट राहतो, आणि फ्रीजमधलं दूध-पनीरही तापतं. निम्म्याहून कमी काढा. उरलीच तर दोन इंच खोलीच्या ट्रेमध्ये ओतून बर्फाच्या पाण्यावर गार करा: ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत, तिथून ५ वर पुढच्या चार तासांत. बिर्याणीच्या भाताला हाच नियम.

बँक्वेट सुरू झाल्यावर प्रत्येक पदार्थाचा पाव किलो नमुना चिकटपट्टीवर तारीख-वेळ लिहून ७२ तास फ्रीजमध्ये ठेवा. उद्या कुणी "तुमच्या लग्नात खाऊन आजारी पडलो" म्हटलं तर हाच पुरावा उपयोगी पडतो, कधी आपल्या बाजूने, कधी विरुद्ध.

माणसं

उलटी-जुलाब झालेला वेटर किंवा आचारी त्रास थांबल्यानंतर पूर्ण ४८ तास कामावर नको. नोरोव्हायरसवर हाताचं अल्कोहोल सॅनिटायझर फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं. हा नियम तुम्ही भिंतीवर लावाल, पण रजेचा पगार कापाल तर कुणीही आजार सांगणार नाही. बिहार-ओडिशा-नेपाळहून आलेला मुलगा घरी पैसे पाठवतो; दोन दिवसांचा खाडा त्याला परवडत नाही. वर्षातल्या पाच-सहा भरपगारी आजारी रजेचा खर्च काढून पाहा. एका बिघडलेल्या लग्नाच्या जेवणापुढे तो किरकोळ आहे.

कामावर परत बोलावताना पहिला माणूस मेन्टेनन्सचा. मालक आधी रिसेप्शन भरतात आणि प्लंबर-इलेक्ट्रिशियन महिन्याने येतो. तोवर वर लिहिलेल्यातलं काहीच झालेलं नसतं. दुसरा तंदूरवाला किंवा साउथ इंडियन मास्टर, ज्याच्याशिवाय मेनू उभा राहत नाही. अन्न हाताळणाऱ्या सगळ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस पूर्ण करून घ्या आणि फॉस्टॅकचं (एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) प्रशिक्षण घेतलेला किमान एक सुपरवायझर पंचवीस माणसांमागे ठेवा. प्रशिक्षणाच्या तासभराच्या भाषणापेक्षा शिफ्टच्या सुरुवातीची दहा मिनिटं बरी: आज फक्त थर्मामीटर, उद्या फक्त हात.

पैसा आणि दर

समजा हॉटेल ४० खोल्यांचं आहे. भाडं, पगार, व्याज, विजेचा स्थिर आकार, परवाने मिळून महिन्याचा ठरलेला खर्च ९ लाख. एका खोलीचा एका रात्रीचा वरखर्च (लाँड्री, नाश्ता, वीज, कमिशन) ७०० रुपये आणि कर वगळून दर २,८००. खोलीमागे २,१०० सुटतात, म्हणजे ४२९ रात्री विकल्या की खर्च निघाला. महिन्याच्या १,२०० रात्रींपैकी हे ३६ टक्के. आता दर तीस टक्क्यांनी पाडा: १,९६० मधून ७०० गेले, उरले १,२६०. तोच खर्च काढायला ७१५ रात्री लागतात, म्हणजे साठ टक्के. साथीनंतरच्या पहिल्या तिमाहीत साठ टक्के भरणं अवघड, आणि पाडलेला दर पुन्हा वर नेणं त्याहून अवघड. कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क मागच्या वर्षीचा सगळ्यात कमी दर बरोबर लक्षात ठेवतो.

दर तसाच ठेवून बाकीचं सैल करा: चोवीस तास आधीपर्यंत फुकट रद्द, दुपारी दोनचा चेकआउट, नाश्ता धरून. ७,५०० पर्यंतच्या खोल्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के झाला, पण इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) गेलं. म्हणजे टाकी धुण्याच्या, केमिकलच्या, पेस्ट कंट्रोलच्या बिलावरचा जीएसटी आता खर्चच आहे. अंदाजपत्रकात बिलाची पूर्ण रक्कम धरा.

मजले बंद ठेवायचे असतील तर एकच मजला कायमचा बंद ठेवू नका. दर आठवड्याला मजला बदला, म्हणजे वीज वाचते आणि कोणत्याच पाइपात पाणी महिनाभर उभं राहत नाही.

रोख पैशाचा तक्ता पुढच्या तेरा आठवड्यांचा करा, महिन्यांचा नको. पगार आणि हप्ता एकाच आठवड्यात येतात हे महिन्याच्या तक्त्यात दिसत नाही. बँकेकडे हप्ता चुकण्याआधी जा. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं आणि मग शाखा मॅनेजरच्या हातात फार काही उरत नाही. दूधवाला, भाजीवाला, लाँड्रीवाला यांची जुनी देणी आधी द्या. मोठे पुरवठादार थांबू शकतात, हे थांबू शकत नाहीत. विम्याची पॉलिसीही वाचून काढा: धंदा बंद पडल्याची भरपाई बहुतेक पॉलिसींत आग-पुरासारखं प्रत्यक्ष नुकसान झालं तरच मिळते.

लग्नाच्या आगाऊ रकमांबद्दल ग्राहकाने विचारायच्या आधी तुम्ही लिहा. बारा महिन्यांत कोणतीही तारीख, त्याच दरात, किंवा ठरलेल्या दिवसापर्यंत परतावा. आगाऊ रकमेवर जीएसटी भरला असेल तर परताव्याचं व्हाउचर काढायला अकाउंटंटला सांगा. परताव्यासाठी टाळाटाळ केलेलं एक कुटुंब सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळवतं.

कुणाला, काय सांगायचं

"आमचं हॉटेल शंभर टक्के सुरक्षित" हे वाक्य कुठेही छापू नका. ते सिद्ध करता येत नाही. रिसेप्शनच्या मागे एक साधा फळा लावा: आजचं क्लोरिन रीडिंग, वेळ, घेणाऱ्याचं नाव, टाकी धुतल्याची तारीख, प्रयोगशाळेच्या रिपोर्टची तारीख. फोनवर विचारलं तर उत्तर असं हवं: "सर, टाकी या महिन्याच्या चार तारखेला धुतली, आज सकाळी किचनच्या नळाला ०.५ रीडिंग आहे, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का?" एखादा पाहुणा आजारी पडल्याचा रिव्ह्यू आला तर चोवीस तासांत उत्तर द्या, काय तपासलं ते लिहा, त्याच्या तब्येतीचा तपशील जाहीर लिहू नका, आणि रिव्ह्यू काढण्यासाठी सवलत देऊ करू नका. एकाहून जास्त पाहुण्यांना सारखाच त्रास झाला असेल तर महापालिकेच्या आरोग्य खात्याला आपणच कळवावं.

धंदा परत येतो तो एका ओळीत येत नाही. पेशंटचे नातेवाईक आणि मुलांच्या अ‍ॅडमिशनला आलेले पालक गरजेपोटी लवकर येतात. त्यांना आठवड्याचा दर, साधी खिचडी-वरणभात आणि लाँड्री द्या. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत महिनोन्‌महिने राहणारे परदेशी इंजिनिअर हा दुसरा गट. त्यांच्या कंपन्यांना पोस्टर नको असतं, दोन पानांचा कागद हवा असतो: एफएसएसएआय परवाना, पाण्याचा रिपोर्ट, कर्मचाऱ्यांच्या तपासण्या, पाहुणा आजारी पडला तर कोण काय करणार. हिंजवडी-खराडीचे आयटीवाले प्रवास सगळ्यात शेवटी सुरू करतात, हे कोरोनात दिसलं. राज्यात लॉजना ८ जुलै २०२० पासून ३३ टक्के क्षमतेने आणि रेस्टॉरंटना ५ ऑक्टोबरपासून ५० टक्क्यांनी परवानगी मिळाली, पण ऑफिसं घरूनच चालत राहिली. लग्नं पंचांगाप्रमाणे येतात. तुळशीच्या लग्नानंतरचा हंगाम धरायचा तर गणपतीच्या आधीच चौकशांना उत्तरं देता यायला हवीत.

हवेतल्या साथीत हॉल विकताना लक्षात ठेवा की स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. एक्झॉस्ट चालू, समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या, आणि कार्बन डायऑक्साइडचं मीटर १,००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार) वर जाऊ लागलं की माणसं कमी करायची. डासांच्या साथीत आठवड्यातून एक दिवस गच्चीवरच्या ताडपत्र्या, कुंड्यांच्या बशा, एसीचे ट्रे, बंद कारंजं कोरडं करायचं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा.

खोल्या नेहमीसारख्या भरू लागल्या की दिखाऊ गोष्टी काढून टाका: दारातली सॅनिटायझरची चटई, सामानावर फवारा, टॉयलेटवरची कागदी पट्टी. क्लोरिनची वही, प्रोब थर्मामीटर, भरपगारी आजारी रजा आणि रिकाम्या खोल्यांचे नळ सोडण्याचं वेळापत्रक मात्र चालू राहू द्या, आणि टाकी धुण्याच्या दोन तारखा कॅलेंडरवर आत्ताच घाला: एक मेच्या अखेरीस, दुसरी पावसाळा संपल्यावर.